व्हर्शाची किल्ली

नवीन संगणकावर व्हर्शा हा प्रोग्रॅम उतरवून घ्यायचा म्हणून सकाळी मी नेहमीची ओळ टाइप केली आणि एंटर दाबलं. काळ्या खिडकीत आकडे सरकू लागले, निम्म्याच्या पुढे गेले, शंभरावर पोचले, आणि एरवी जिथे 'झालं' एवढा एकच शब्द येतो तिथे लाल अक्षरांत दोन ओळी उमटल्या. पॅकेज सांभाळणारा: सिल्व्हियो माटेचिच. सहीची मुदत संपली आहे; या पॅकेजवर विश्वास ठेवता येत नाही. मी पुन्हा तीच ओळ चालवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चालवली ती खात्रीसाठी नव्हे, नुसती वाचायला. आणि मला हसू आलं, मोठ्यानं, खोलीत दुसरं माणूस आहे हे विसरून.

"काय गं, लॉटरी लागली?" पलीकडच्या टेबलावरून ओर्नेला म्हणाली. समुद्राची पातळी मोजणाऱ्या आमच्या केंद्रात ती माझ्याही आधीपासून आहे. भरती-ओहोटीचे आलेख ती कागदावर काढायची तेव्हापासून.

"नाही. संगणकानं एका माणसावर विश्वास ठेवायला नकार दिला."

"मग नवराच असणार कुणाचा तरी. माझ्या पहिल्याच्या बाबतीत कोर्टाला हे समजायला किती वर्षं लागली! तुझ्या यंत्राला किती वेळ लागला?"

"पापणी लवते ना, तेवढा."

"मला दे तसलं एक," ती म्हणाली आणि सिगरेट ओढायला बाहेर गेली.

मी त्या दोन ओळींकडे बघत बसले. बाहेर यूगो सुटला होता, तीन दिवस झाले थांबत नव्हता. दक्षिणेकडून येणारा हा ओला, कोमट वारा आमच्या रियेका शहरातल्या भिंतींना घाम फोडतो आणि माणसांच्या डोक्यात काहीतरी जड आणून ठेवतो. काचेच्या आतून बोट फिरवलं तरी ओलं होत होतं. समुद्र फुगला होता. माझ्या पडद्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्याची रेघ हळूहळू वर चढत होती. मला बरं वाटत होतं. किती दिवसांनी एवढं बरं वाटतंय याचा मी विचार केला, आणि बरं वाटण्याची जात तपासून पाहिली, कारण सवय आहे. तो आनंद नव्हता. दुखऱ्या दातावर जीभ दाबून धरावी आणि दुखणं आपल्या मर्जीनं चालू-बंद व्हावं, तसं काहीतरी होतं.

व्हर्शा मी लिहिली. हे वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं असेल! ती माझ्या विद्यार्थीदशेतली गोष्ट. त्सरेस बेटावर आमच्या घरी इंटरनेटची तार खांबावरून यायची आणि हिवाळ्यात बुरा, तो ईशान्येचा थंड वारा, सुटला की दर थोड्या वेळानं लाइन तुटायची. विद्यापीठातून मोजमापांच्या मोठ्या फायली घरी उतरवून घ्यायच्या म्हणजे शिक्षा होती. तेव्हाची साधनं लाइन तुटली की एक तर पहिल्यापासून सुरू करायची, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट फाइल पूर्ण असल्यासारखी ठेवून गप्प बसायची. या गप्प बसण्याचा मला राग यायचा. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला, ना खिडकी ना बटण, नुसती एक ओळ टाइप करायची. तो प्रत्येक तुकडा उतरला की तपासायचा, जपून ठेवायचा, लाइन तुटली तर वाट बघायचा आणि परत आली की नेमका तिथूनच पुढे जायचा. बाबा शेजारी बसून मर्टलच्या फांद्यांची टोपली विणत होते. मासे धरायची टोपली. तिचं तोंड आतल्या बाजूला निमुळतं होत जातं, आत शिरलेला मासा बाहेर पडत नाही. व्हर्शा म्हणतात तिला. तोवर ती विणणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते फांदी दातात धरून ऐकत होते, आणि मग म्हणाले, "म्हणजे दोर तुटला तरी टोपली तळाशी आहे तशीच. दोर परत बांधला की वर येते. अगं, मग ही व्हर्शाच की!" नाव असं पडलं. मदतीचं पान असतं प्रत्येक प्रोग्रॅमला, त्याच्या अगदी तळाशी मी एक ओळ घातली: 'नाव दिलं त्सरेसच्या बेपोनं, ज्याला वाट बघता येते.' बाबांनी ती ओळ संगणकावर पाहिली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "हे जगात सगळीकडे दिसणार?" मी म्हटलं, जो कुणी मदत मागेल त्याला. "मग फार कुणी मागणार नाही," ते म्हणाले, पण नंतर प्रत्येक पाहुण्याला खुर्चीवर बसवून ती ओळ दाखवायचे.

सिल्व्हियो तेव्हा विद्यापीठात साहाय्यक होता. माझ्याहून बराच मोठा. संगणकाशी अक्षरांनी बोलायला मला त्यानंच शिकवलं. माउसला हात लावला की बोटांवर पेन्सिल मारायचा, हलकेच, गमतीनं. आमच्या मंडळीत मला त्यानंच आणलं. आमची मंडळी म्हणजे जगभर पसरलेली काही शे माणसं, जी एक फुकट संच सांभाळतात: हजारो प्रोग्रॅम, प्रत्येकाचा एक सांभाळणारा. सांभाळणाऱ्यानं आपल्या किल्लीनं सही केली तरच त्या प्रोग्रॅमचं पॅकेज लोकांच्या संगणकावर उतरतं. किल्ली म्हणजे एक प्रचंड आकडा, दुसरं काही नाही. पण तो आकडा अमक्या माणसाचा आहे हे कोण सांगणार? म्हणून आमच्यात रीत आहे. नवीन माणसाला दोन जुन्या माणसांनी प्रत्यक्ष भेटायचं, समोर बसवायचं, त्याचा पासपोर्ट बघायचा, त्याच्या किल्लीचा ठसा, म्हणजे तिची अक्षर-आकड्यांची खूण, त्याच्याच तोंडून अक्षर-अक्षर ऐकायचा आणि मग त्याच्या किल्लीवर आपली सही ठोकायची. ही रीत आम्ही फार गंभीरपणे पाळतो. मागे एकदा कुणीतरी पत्रांतून गोड बोलून, कुणाला तोंडही न दाखवता, भलत्याच प्रोग्रॅममध्ये शिरला होता, तेव्हापासून जास्तच. माझ्या किल्लीवर पहिली सही सिल्व्हियोची आहे. अजूनही आहे. ती पुसता येत नाही.

तर, बाबांचं. बाबांना रियेकातल्या सुशाक भागातल्या हॉस्पिटलात आणलं तेव्हा वसंत ऋतू होता आणि मी टपाल बघणं सोडून दिलं होतं. हॉस्पिटलच्या उतारावर एक बेकरी आहे, तिथे मला सिल्व्हियो भेटला. त्यानं मला चीजचा बुरेक घेऊन दिला, मी नको म्हणत असताना. बाबांची चौकशी केली. कुठला वॉर्ड, डॉक्टर काय म्हणतात, मी झोपते का. खांद्यावर हात ठेवला. तेलकट कागद हातात धरून मी रडले त्याच्यासमोर, आणि तो म्हणाला, "बाकी कशाची काळजी करू नकोस." त्या दुपारी त्यानं मंडळीच्या सामायिक टपाल-यादीवर व्हर्शाबद्दलची शेवटची सूचना पाठवली. आमच्याकडे हीही रीत आहे: सांभाळणारा उत्तर देईनासा झाला की त्याला सूचना द्यायची, थांबायचं, परत द्यायची, आणि तरीही उत्तर आलं नाही की त्याला बेपत्ता ठरवून पॅकेज दुसऱ्यानं घ्यायचं. शब्द तोच आहे, बेपत्ता. जहाज बुडाल्यावर खलाशासाठी वापरतात तो. पत्राची भाषा सभ्य होती. 'तिहाना श्कार्पा यांच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला, प्रतिसाद नाही. पॅकेज सांभाळायची माझी तयारी आहे.' बाबा जायच्या आदल्या आठवड्यात मला विचारत होते, "तुझी व्हर्शा आता कोण बघतं, तू तर इथे बसून असतेस?" मी म्हटलं, मीच बघते बाबा, दुसरं कोण बघणार? ते म्हणाले, "मग बरं." मी त्यांच्याशी खोटं बोलत होते आणि मला ते ठाऊक नव्हतं. ते गेल्यानंतर कधीतरी मी मदतीचं पान उघडलं. पान नीटनेटकं झालं होतं, रकाने एका रेषेत. तळाशी ती ओळ नव्हती.

मी मंडळीला लिहिलं की मी आहे. ते म्हणाले, आनंद आहे, तुझं सदस्यत्व शाबूत आहे, पण पॅकेज नियमाप्रमाणे गेलं. नियमाप्रमाणेच गेलं होतं. सिल्व्हियोला मी एक शब्द लिहिला नाही, बोलले नाही. लहान शहर आहे, कोर्झोच्या मुख्य रस्त्यावर तो समोरून आला की मी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे आणि तेवढ्यात तो निघून जायचा. पण डोक्यात मी त्याला किती प्रकारे संपवलं! त्याच्या ऑफिसातले संगणक रोज सकाळी एक छोटी फाइल एका जुन्या सर्व्हरवरून ओढून घेतात आणि न वाचता सरळ चालवतात. तो सर्व्हर अजून माझ्या नावावर आहे, त्याच्या लक्षातच नाही. मागणारा माणूस वाचायला आलाय की त्याचं यंत्र थेट गिळायला आलंय हे सर्व्हरला ओळखता येतं. वाचणाऱ्याला शुद्ध फाइल द्यायची आणि गिळणाऱ्याला दुसरी, इतकं सोपं आहे ते. ती दुसरी फाइल मी मनात लिहून तयार ठेवली होती. एकाच ओळीची. कधीकधी बसमध्ये उभी असताना मी ती मनात सुधारायचे, आणखी आखूड, आणखी स्वच्छ करायचे. पण ती तशीच राहिली. मला गुन्हा करायचा नव्हता. त्यानं मला नियमानं मारलं होतं. मलाही त्याला नियमानंच मारायचं होतं.

दहाच्या सुमाराला फोन थरथरला. सिल्व्हियो. 'तिहा, केंद्रावर आहेस का? समोरासमोर भेटायचंय. कशासाठी ते तुला कळलंच असेल. ओळखपत्र घेऊन येतो.' मी ते ओर्नेलाला दाखवलं, का कोण जाणे.

"ओळखपत्र घेऊन भेटायला येतो?" ती म्हणाली. "पोलीस आहे का तो? की तू?"

"आज मी."

"मग लिपस्टिक लाव," ती म्हणाली. "पोलिसांनी छान दिसावं."

लिपस्टिक मी लावली. बंदरावरून चालत निघाले. पाणी धक्क्याच्या कडेला टेकलं होतं, तेलकट, राखी, आणि प्रत्येक लाटेबरोबर दगडाच्या फटींतून थोडं रस्त्यावर येत होतं. कोट अंगाला चिकटत होता. मी झेलिमिरला फोन करून सगळं विचारून घेतलं होतं. झेलिमिर झाग्रेबला असतो. या देशात आमच्या मंडळीतले आम्ही तिघंच. त्यानं हसत हसत सांगितलं. सिल्व्हियो सगळ्यात सावध माणूस, मंडळीत दरवर्षी भाषण द्यायचा: मुख्य किल्ली संगणकावर ठेवायची नाही, तिची प्रत काढायची नाही, कागदावर छापायची नाही, प्रत म्हणजे चोराला दिलेलं आमंत्रण. स्वतःची त्यानं एका काडीएवढ्या पेनड्राइव्हवर घातली, कॉफीच्या डब्यात ठेवली, डबा तळघरात भिंतीच्या आत. मुदत संपत आली की वाढवायची म्हणून बाहेर काढायची, एरवी नाही. गेल्या नोव्हेंबरात समुद्र शहराच्या सखल भागात शिरला. डब्यात मिठाचं पाणी. त्याला ते कळलं मुदत संपली त्या दिवशी. "एक प्रत!" झेलिमिर म्हणत होता. "एक प्रत नाही केली गाढवानं! मी सही दिलीय त्याच्या नव्या किल्लीवर. दुसरी तूच देऊ शकतेस. महिनाअखेर संचाच्या नव्या आवृत्तीचे दरवाजे बंद होतात, नाहीतर व्हर्शा बाहेर राहील." मी चालता चालता थांबले. नोव्हेंबरचं ते पाणी मीच मोजलं होतं. ती रेघ मी आलेखात पाहिली होती, तिचा माथा वर जाऊन स्थिर झाला होता, मी त्याचा सेंटिमीटर टिपून घेतला होता आणि घरी जाऊन भाजी चिरली होती. त्या माथ्याखाली त्याचा डबा होता.

तो आधीच येऊन बसला होता, कॅफेच्या आतल्या बाजूला, भिंतीपाशी. टेबलावर ओळखपत्र, पासपोर्ट, आणि किल्लीच्या ठशाची अक्षरं छापलेल्या पट्ट्या अगदी सरळ रेषेत मांडलेल्या. केस पातळ झाले होते. बोटं तशीच, लांब, स्वच्छ.

"बस," तो म्हणाला. "पांढरी कॉफी ना?"

"हो."

"आलीस, बरं वाटलं. मला वाटलं, येतेस की नाही."

"तू बोलावलंस."

"तू बोलत नाहीस ना माझ्याशी." तो हसला. "कोर्झोवर पिशवीशी खेळतेस. मला कळतं."

वेटर कॉफी ठेवून गेला. मी त्याचं ओळखपत्र उचललं, उजेडाकडे धरलं, वाकवून पाहिलं, कडेला नख लावलं. एवढी गरज नव्हती. चेहरा पाहिला, मग त्याच्याकडे पाहिलं, मग परत कार्डाकडे. तो हलला नाही, वधूपरीक्षेला बसल्यासारखा शहाण्यासारखा बसून होता. मला ते आवडलं. माझ्या आयुष्यात फार थोड्या गोष्टी मी इतक्या सावकाश केल्या असतील. "वाच," मी म्हटलं. त्यानं फोनवरून ठसा वाचायला सुरुवात केली, चार-चार अक्षरांनी, मी पट्टीवर बोट ठेवून मेळ घालत होते. "चार एफ नऊ बी. शून्य सी सात सात. डी दोन एक ए." शेजारच्या टेबलावर कोट घातलेल्या दोन म्हाताऱ्या होत्या, त्यातली एक मागे वळली.

"तंबोला आहे का?" ती म्हणाली. "मला पण द्या हो एक कार्ड!"

"संपली कार्डं, आजी," सिल्व्हियो म्हणाला.

"बघ, तरुणांना दोघांतच खेळायचं असतं," ती दुसरीला म्हणाली, आणि दोघी खोखो हसल्या.

"परत वाच," मी म्हटलं. "मधला भाग नीट ऐकू आला नाही." आला होता. त्यानं परत वाचला, आवाज किंचित कोरडा पडला होता. सगळं जुळत होतं. माणूस तोच, किल्ली त्याची. नियमानं मला एवढंच विचारलं होतं आणि त्याचं उत्तर हो होतं, आणि ते हो माझ्या तोंडात होतं, गोळीसारखं. तेव्हा, मला स्पष्ट आठवतं, मी सही करायला तयार झाले होते. एका अटीवर. ती अट मी सांगणारही नव्हते. त्यानं आपण होऊन एक वाक्य म्हटलं असतं तरी चाललं असतं. म्हणून मी त्याला वाट करून दिली.

"बेकरीत भेटलो होतो आपण," मी म्हटलं. "हॉस्पिटलच्या उतारावर."

"हो तर. तुझे बाबा... मला फार वाईट वाटलं होतं, खरंच."

"त्या दुपारी तू शेवटची सूचना पाठवलीस."

साखरेची पुडी त्यानं बोटांत फिरवली. "तुझ्यावरचं एक ओझं कमी व्हावं म्हणून, तिहा. तू मोडून पडली होतीस. त्या अवस्थेत तुला विचारायचं? तू बाबांना बघायचं की पॅकेज?"

"विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस आणि पॅकेज कुजलं असतं. मला माहीत आहेस तू." मग मऊ आवाजात म्हणाला, "बघ, माझं चुकलं असेल. पण मी त्याची निगा राखली. आहे की नाही?"

राखली होती. हेच तर. त्यानं तीनेक चुका दुरुस्त केल्या होत्या, त्यातली एक माझी, लाजिरवाणी. मी त्याची प्रत्येक दुरुस्ती वाचायचे. त्याच्याइतकंच ते माझ्या ध्यानात असायचं. कॉफीवर साय धरत होती. मी विचारलं, "मदतीच्या पानावरची शेवटची ओळ का काढलीस?"

"कुठली ओळ?"

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मोजमापात एक क्षण असतो, आकडा हलायचा थांबतो आणि कळतं की यंत्र बिघडलेलं नाही, हे खरंच एवढंच आहे. तो नाटक करत नव्हता. त्याला खरोखर आठवत नव्हतं. भुवया किंचित वर, मदत करायला उत्सुक, विद्यार्थ्याचा प्रश्न नीट न समजलेल्या साहाय्यकासारखा. "अगं, मी तेव्हा सगळंच साफ केलं ते पान," तो म्हणाला. "अर्ध्या ओळी तुमच्या बेटावरच्या बोलीत होत्या, कुणाला कळणार? काही महत्त्वाचं होतं का? सांग, परत घालतो."

परत घालतो. दोन शब्दांत होणारं काम होतं ते. इतकी वर्षं मी ज्या हाताला शत्रूचा हात समजत होते तो झाडू मारणारा हात निघाला. बाबांची ओळ त्यानं काढली नव्हती, ती नुसती कचऱ्यात गेली होती. त्यानं द्वेष केला असता तर मला कदाचित क्षमा करता आली असती. द्वेषात निदान समोरचा माणूस दिसलेला असतो. माझे कान गरम झाले आणि मग हळूहळू गार झाले, आणि गार झाल्यावर सगळं फार स्वच्छ दिसायला लागलं: साखरेची पुडी, पट्ट्या, त्याच्या मनगटावरचं घड्याळ. "नाही," मी म्हटलं. "महत्त्वाचं नव्हतं."

मी फोन काढला आणि मंडळीच्या यादीला पत्र लिहायला लागले. पहिलं वाक्य सोपं होतं: व्हर्शा या पॅकेजची सही कालबाह्य झाली असून नव्या आवृत्तीचे दरवाजे बंद होत आहेत. दुसरं मी त्याचंच घेतलं, शब्दन्शब्द, मला पाठ होतं. 'सिल्व्हियो माटेचिच यांच्याशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला, प्रतिसाद नाही.' इथे अंगठा थांबला. हे खोटं होतं. माझ्या कामात खोटा आकडा लिहिताना हात थांबतो, तो नैतिकतेनं नव्हे, सवयीनं, तसाच थांबला. टेबलाच्या पलीकडे संपर्क साधलेला माणूस कॉफी ढवळत होता, चमचा कपाला लागू नये याची काळजी घेत. मग मी 'प्रतिसाद' या शब्दाआधी 'सही असलेला' हे दोन शब्द घातले. आता वाक्याचा निम्मा भाग खरा होता आणि माझ्यासाठी तेवढं पुरे होतं. 'पॅकेज सांभाळायची माझी तयारी आहे. आठवड्याच्या आत सांभाळणाऱ्याचं सही असलेलं उत्तर न आल्यास त्याला बेपत्ता समजण्यात यावं.' पाठवायच्या आधी सही लागते. माझी किल्ली एका छोट्या चिपमध्ये, घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असते. दोन प्रती आहेत, एक बँकेत, एक बेटावर. मी जुडगा फोनच्या पाठीला टेकवला.

त्यानं ते पाहिलं आणि त्याचे खांदे खाली आले. "लगेच करतेस?" तो म्हणाला. "अगं, घरी जाऊन निवांत केलीस तरी चाललं असतं. तशीच पद्धत आहे." डोळ्यांत चक्क पाणी होतं. "तुझ्या किल्लीवर पहिली सही माझी होती, आठवतं? मी झेलिमिरला म्हणालो होतो, तिहा वाईट नाही."

त्याचा फोन टेबलावर थरथरला. त्यानं तो हसतच उचलला. मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते; ओळीच्या शेवटाशी जाऊन ते परत सुरुवातीला येत होते, एकदा, दोनदा, दुसऱ्या वाक्यावर रेंगाळले. त्याला ते वाक्य ओळखीचं वाटलं. हे मी पाहिलं. एवढंच पाहायला मी आले होते, बहुधा, पण ते माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर संपलं.

"हे काय आहे?" तो म्हणाला. "तिहा, मी इथे बसलोय!"

"दिसतंय मला."

"प्रतिसाद नाही म्हणजे काय? मी तुझ्यासमोर बसलोय, दोन साक्षीदार आहेत!" त्यानं म्हाताऱ्यांकडे हात केला.

"मग उत्तर दे," मी म्हटलं.

तो लिहायला लागला. रागानं, दोन्ही अंगठ्यांनी. मी त्याला थांबवलं नाही. सावध माणूस होता, पण रागात माणूस जे पहिलं सुचतं तेच करतो. त्यानं पाठवलं आणि फोन टेबलावर आपटला. थोड्या वेळानं ते पत्र यादीवरून माझ्याकडे आलं, सगळ्यांना येतं तसं. वर यंत्रानं आपली ओळ जोडली होती. मी ती त्याला वाचून दाखवली, ठसा वाचतात तशी, सावकाश. "'या पत्रावरील सही ओळखीची नाही. पाठवणारा कोण आहे हे सांगता येत नाही.' आणि खाली तू लिहिलंयस, 'मी आहे, मी रियेकातच आहे, हा अन्याय आहे.'"

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "झेलिमिर सांगेल त्यांना."

"सांगेल. त्याची एक सही आहे. दोन लागतात."

"तू अशी नव्हतीस."

मी त्यावर विचार केला, खरंच केला. बाहेर पाणी रस्त्यावर आलं असणार, लोक उंबऱ्यांवर फळ्या लावत असतील. व्हर्शा परत माझी होईल, तळाशी बाबांची ओळ परत येईल, जगात कुठेतरी कुणीतरी मदत मागेल आणि ती वाचेल, आणि ते वाचणाऱ्या कुणालाही कळणार नाही की ती इथे परत कशी आली. मला मात्र कळेल, दर वेळी. ते मला आत्ताच कळत होतं, यूगोसारखं ओलं आणि जड, आणि तरीही पत्र मागे घ्यावं असं वाटत नव्हतं. सिल्व्हियो पट्ट्या गोळा करत होता, कडा जुळवत, एकावर एक. उठून जाईल असं वाटलं, पण तो उठला नाही. ओळखपत्र हातात धरून बसून राहिला, मी अजून एकदा मागेन अशा आशेनं.

मी वेटरला हाक मारली आणि आणखी कॉफी सांगितली.

"दोन?" त्यानं विचारलं.

"एक," मी म्हटलं.